हातावरच्या व्रणाशेजारी टॅटू काढला, त्याची सगळी हकीकत

चार वर्षांपूर्वी माझा डावा हात मोडला. मनगट आणि कोपर यांच्या मधलं हाड. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि सहा स्क्रू बसले, आणि हाताच्या आतल्या बाजूला मनगटाच्या थोडं वरपासून ११ सेंटिमीटरचा सरळ व्रण राहिला, दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके. हात छान बरा झाला, मी सगळी कामं करते, पण गेली चार वर्षं कुणीही नवीन माणूस भेटलं की पाचव्या मिनिटाला विचारतंच, काय झालं हो हाताला? आणि मग मी ती पडल्याची गोष्ट परत पहिल्यापासून सांगायची. तेव्हाच कधीतरी डोक्यात आलं की इथे टॅटू काढायचा.

हे एवढं सविस्तर लिहितेय कारण टॅटू काढण्याआधी मी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे फक्त दुखतं किती एवढंच सांगत होते. दुखणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग निघाला. खुर्चीत बसले ते जेमतेम अडीच तास, पण त्याच्या आधीचे चार महिने आणि नंतरचे दोन महिने हाच खरा टॅटू, आणि त्याबद्दल मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात आधी मी गेले माझ्या हाडाच्या डॉक्टरांकडे. खरंतर फक्त परवानगी विचारायला, पण त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आलंच नसतं. ते म्हणाले, "टॅटूला माझी ना नाही, पण प्लेट काढायची की नाही ते आधी ठरवा. पुढेमागे काढायची वेळ आली तर मी ह्याच रेषेवरून कापणार, आणि मग टॅटूचे दोन भाग होतील, ते परत तंतोतंत जुळतीलच असं नाही." मी गप्पच झाले. मग एक्स-रे काढला, हाड पूर्ण जुळलंय, प्लेटचा काही त्रास नाही, ती आत राहू दे असं ठरलं, आणि मगच पुढचा विचार सुरू केला. ज्यांच्या अंगात प्लेट, रॉड असं काही आहे आणि तिथेच टॅटू काढायचाय त्यांनी हे एवढं नक्की विचारून घ्या. त्यांनी अजून तीन गोष्टी विचारल्या. शुगर आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, आणि आधी कधी जखमेच्या जागी मांस वाढून जाड, उंच वळ उठलाय का. ह्याला केलॉइड म्हणतात, आणि ज्यांना तसं होतं त्यांना टॅटूच्या जागीही होऊ शकतं, कारण शरीराच्या दृष्टीने टॅटू म्हणजे पण जखमच. माझा व्रण सपाट होता, पांढरा पडला होता. लालसर असेल, खाजत असेल तर आत अजून काम चालू आहे असं समजायचं आणि थांबायचं, निदान एक वर्ष तरी जाऊ द्यायचं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एकदा कापलंय तिथे परत सुया कशाला टोचून घेतेस?" मला त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही. नंतर विचार केला तेव्हा कळलं की ऑपरेशनच्या वेळी मी बेशुद्ध होते, माझ्या हातावर काय झालं ते मी पाहिलंच नाही, उठले तर पट्टी बांधलेली. ह्यावेळी मला जागं राहायचं होतं. हे आईला फोनवर सांगितलं तर ती "बघ बाई तुझं तू" म्हणाली आणि विषय बदलला.

डिझाइन काय हे सुरुवातीला स्पष्ट होतं, व्रण पूर्ण झाकेल असं काहीतरी मोठं आणि गडद. मी रोज अंघोळीनंतर साध्या पेनाने हातावर काहीबाही काढून बघायचे, कधी पिसं, कधी मासा, कधी नुसती नक्षी. हा प्रकार महिनाभर केला आणि सगळ्यांना तो करायला सांगेन, कारण कागदावर आवडलेलं चित्र हातावर दुसऱ्या दिवशी नकोसं होतं, तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की शर्टाच्या बाहीतून अर्धंच दिसतंय आणि विचित्र दिसतंय. महिन्याच्या शेवटी एकच गोष्ट उरली होती ती म्हणजे वेल आणि पानं.

पहिल्या ज्या स्टुडिओत गेले तिथून मी दहा मिनिटांत बाहेर पडले. नाव घेत नाही. तिथल्या माणसाने माझा व्रण लांबूनच बघितला, हात लावला नाही, आणि म्हणाला बसा, आत्ताच करून टाकू, झाकून जाईल सगळं. त्याच वेळी शेजारी एकाचं काम चालू होतं, ग्लोव्हज घातलेल्या हाताने त्याने मोबाइल उचलला, मेसेज बघितला, ठेवला, आणि तेच ग्लोव्हज घालून परत काम सुरू. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी हे रक्तातून पसरणारे आजार आहेत आणि सुई, शाई, हात ह्यातलं काहीही अस्वच्छ असेल तर धोका खराखुरा असतो. तिथे वाद न घालता मी निघाले. आवडलं नाही तर उठून निघायचं, लाजायचं नाही, कारण कातडी आपली आहे.

दुसरीकडे जी आर्टिस्ट भेटली ती माझ्यापेक्षा बरीच लहान, मला पहिल्या वाक्यापासून ताई म्हणणारी. तिने आधी मला खिडकीपाशी उजेडात बसवलं, माझा हात हातात घेतला, आणि व्रणावरून अंगठा दाबत सावकाश वरून खाली गेली. मग दोन बोटांनी कातडी ताणून बघितली. कुठे मऊ आहे, कुठे आतल्या थराला चिकटलीय, कुठे मला स्पर्श कळतो आणि कुठे बधिर आहे हे सगळं विचारून पेनाने बारीक खुणा केल्या. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला एक रुपयाएवढी जागा चार वर्षं बधिर आहे, हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं, तिने ते शोधून काढलं. मग म्हणाली, "ताई, व्रणाच्या कातडीत शाई नीट धरत नाही. कुठे पसरते, कुठे अजिबात बसत नाही. तुम्ही गडद भरून घेतलंत तरी तो खालून दिसणारच, वेगळ्या चमकेचा. मी म्हणते झाकायचा कशाला, व्रणच देठ होऊ दे. त्याला मी सुईच लावणार नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी पानं काढते."

मी किती वेळ त्या रेषेकडे बघत बसले मला माहीत नाही. चार वर्षं मी ती रेष झाकायचा विचार करत होते, आणि ही मुलगी म्हणत होती चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आधीच काढून झालाय.

मग मी तिला विचारलं की तुझं जुनं काम दाखव. तिने जे फोटो दाखवले त्यातले निम्मे ताजे नव्हते, वर्षाने, तीन वर्षांनी काढलेले होते. हे फार महत्त्वाचं आहे हां. ताजा टॅटू सगळ्यांचाच सुंदर दिसतो, काळा कुळकुळीत, रेषा कापल्यासारख्या. पण वर्षं जातात तशी रेष थोडी रुंदावते, कडा मऊ होतात, आणि फार बारीक अक्षरं किंवा फार जवळजवळ काढलेल्या रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणून मी आणलेली नाजूक बारीक पानं तिने सरळ बाजूला ठेवली आणि पानं मोठी केली, मधे मोकळी जागा ठेवली. मला आधी थोडं वाईट वाटलं पण ते तीन वर्षांचे फोटो बघून पटलं.

रंग मला हिरवा हवा होता. त्यावर तिने अर्धा तास समजावलं. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली, त्यात एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्य असं होतं की त्यांना पर्याय शोधायला आणखी एक वर्ष, म्हणजे जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली गेली. रंगीत शाईची, त्यातही लाल रंगाची अ‍ॅलर्जी काळ्यापेक्षा जास्त दिसते. आणि उद्या नको झाला तर लेझरने काळा रंग सगळ्यात सोपा जातो, बाकीचे रंग हट्टी असतात, आणि सोपा म्हणजे पण काही आठवड्यांच्या अंतराने बरीच सेशन्स. मी काळ्यावर आले. काळ्या रेषा आणि आत करड्या छटा.

तारीख ठरली ती दीड महिन्यानंतरची. मधल्या काळात मी ह्या विषयावर इतकं वाचलं की घरचे कंटाळले. त्यातली एक गोष्ट मनात बसली ती सांगते. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओट्झी, त्याच्या अंगावर ६१ टॅटू आहेत. चित्रं नाहीत, नुसत्या छोट्या रेषा आणि थोड्या फुल्या. आणि त्यातल्या बऱ्याच कंबरेवर, गुडघ्यापाशी, घोट्यापाशी, म्हणजे जिथे त्याची हाडं झिजलेली सापडली तिथे. म्हणून काही संशोधकांना वाटतं की तो दुखण्यावरचा इलाज असावा. मोडलेल्या हाडाच्या वर टॅटू काढायला निघालेल्या मला हे वाचून जे वाटलं ते मी शब्दांत नाही सांगू शकत, पण त्या दिवसापासून भीती कमी झाली एवढं खरं.

आदल्या दिवशीच्या सूचना साध्या होत्या. नीट झोप, २४ तास दारू नाही, अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही कारण रक्त जास्त येतं आणि शाई बाहेर ढकलली जाते (डॉक्टरांनी दिलेली असेल तर मात्र आपण होऊन बंद करायची नाही, त्यांनाच विचारायचं), पोटभर जेवून यायचं, सैल बाहीचा कपडा. बधिर करायच्या क्रीमबद्दल मी विचारलं होतं, ती म्हणाली छोट्या जागेला गरज नाही, आणि काही क्रीमने कातडी फुगते, तिचा पोत बदलतो, मग रेष ओढायला त्रास होतो. आणि माझ्या हातावर कुठे कळतं कुठे नाही हे तिला मधेमधे विचारायचं होतंच. माझी धाकटी बहीण सोबत आली.

फॉर्म भरून घेतला, आजार, अ‍ॅलर्जी, गरोदरपण, औषधं सगळं. मग हात धुवून नवीन ग्लोव्हज, टेबलवर नवीन कव्हर, मशीनला आणि त्याच्या वायरला प्लास्टिकची पिशवी. सुईची कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर फोडली, एक्स्पायरी डेट मला वाचून दाखवली. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणांत ओतली, उरेल ती फेकायची, परत बाटलीत नाही. वापरलेल्या सुयांसाठी भिंतीपाशी जाड प्लास्टिकचा वेगळा डबा. हे सगळं तुमच्यासमोर झालं पाहिजे, नसेल होत तर विचारा, चांगला आर्टिस्ट विचारल्यावर खूश होतो.

हातावरची लव रेझरने काढली, जागा पुसली, आणि मग स्टेन्सिल. जांभळ्या रेषांचा तो कागद हातावर दाबून बसवला, सोलून काढला आणि माझ्या हातावर पानं उमटली. मी एवढी खूश झाले की लगेच म्हटलं चालू कर. ती म्हणाली थांबा, उभं राहा, हात खाली सोडा, आता तळवा फिरवा. आणि आरशात बघते तर काय, तळवा फिरवल्यावर खालची तीन पानं पिळवटली होती. मनगटाजवळ आपली कातडी फिरते, आणि टेबलवर हात उताणा ठेवून काढलेलं चित्र हात नैसर्गिक लटकत असताना वाकडं दिसतं. तिने सगळं पुसून टाकलं, मी उभी असताना, हात सैल सोडलेला असताना परत बसवलं. अजून एकदा पुसलं. तिसऱ्या वेळी नीट बसलं, देठाच्या बरोबर टोकाला शेवटचं पान. मग पंधरा मिनिटं वाळू दिलं. ह्या टप्प्यावर संकोच अजिबात करू नका, दहा वेळा पुसायला लावलं तरी चालेल, कारण नंतर पुसता येत नाही.

मशीन म्हणजे जाड पेनासारखं, आवाज हलकी घरघर. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पहिलं पेटंट न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसाने १८९१ साली घेतलं, एडिसनच्या विजेच्या पेनावरून कल्पना घेऊन, हे मी वाचलं होतं, आणि खरंच ते हातात धरायची पद्धत सगळी पेनाचीच आहे.

पहिली रेष. मी श्वास धरून बसले होते, तिने ओळखलं आणि म्हणाली, "श्वास सोडा ताई, सोडताना सुरू करते." टोचल्यासारखं नाही वाटत. उन्हाने भाजलेल्या कातडीवरून कुणीतरी टोकदार पेन दाबून ओढतंय तसं, गरम आणि ओरबाडणारं. पाच मिनिटांत त्याची सवय झाली आणि मी बहिणीशी बोलायला लागले. हाताच्या मधल्या मांसल भागात तर खूपच सोपं गेलं. मनगटाजवळ मात्र डोळ्यांत पाणी आलं, तिथे कातडी पातळ आणि खाली लगेच हाड. बरगड्या, पाऊल, कोपराची आतली घडी ह्या जागा अजून अवघड असतात म्हणतात. आणि ती बधिर जागा, तिथे सुई चालली आहे हे डोळ्यांना दिसत होतं, आवाज येत होता, पण दुखत काहीच नव्हतं, फक्त आत खोल कुठेतरी थरथर. त्याच्या कडेला आलं की अचानक दुप्पट झोंबायचं. मी तिला तसं सांगत होते आणि ती तिथे हात हलका करत होती.

टॅटूची सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते हे मला माहीत नव्हतं. भरीव सुयांचा झुबका असतो, त्यांच्या फटींत शाई धरून राहते, सुई कातडीत जाऊन बाहेर आली की शाई त्या भोकात आत राहते. खोली फक्त एक ते दोन मिलिमीटर. त्याच्यापेक्षा वर राहिली तर कातडीचा वरचा थर महिन्याभरात बदलतो त्याच्याबरोबर निघून जाते, जास्त खोल गेली तर पसरते आणि रेषेभोवती निळसर धूर राहिल्यासारखं दिसतं. म्हणजे सगळी कला त्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. आणि शाई तिथे टिकते कशी, तर शरीराला वाटतं बाहेरचा शत्रू आला, रक्षक पेशी धावत येऊन ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की ती पेशी मेली की शाई बाहेर पडते आणि शेजारची नवीन पेशी तिला परत गिळते. रंग तोच, धरणारे बदलत राहतात. मला हे फार आवडलं.

साधारण चाळीस मिनिटांनी मला एकदम थंड घाम आला, कानात आवाज बारीक झाले. मी बोलायच्या आधीच तिने मशीन बंद केलं, खुर्ची मागे आडवी केली, पाय वर घेतले, बहिणीने पाणी आणि काहीतरी गोड दिलं. दहा मिनिटांत ठीक. असं बऱ्याच जणांना होतं म्हणे, चांगले धट्टेकट्टे लोकही गळतात, त्यामुळे वाटायला लागलं की लगेच सांगायचं, दात ओठ खाऊन बसायचं नाही.

रेषा झाल्यावर रुंद सुईने शेडिंग. तसं ते रेषेपेक्षा कमी टोचतं, पण तोपर्यंत कातडी सुजलेली असते, आणि खरं असह्य होतं ते पुसणं. दर अर्ध्या मिनिटाला ती साबणपाण्याचा फवारा मारून कागदाने शाई पुसत होती, शेवटच्या अर्ध्या तासात मला सुईपेक्षा त्या कागदाची भीती वाटत होती. दोन ब्रेक धरून अडीच तास लागले. झाल्यावर धुवून तिने हात माझ्यासमोर धरला. मधे माझी जुनी पांढरी रेष, सुई न लागलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना नऊ पानं. टाक्यांच्या ठिपक्यांतून पानांचे देठ फुटले होते! ते तिने कधी ठरवलं मला कळलंही नव्हतं.

तिने वर पारदर्शक चिकट फिल्म लावली, सेकंड स्किन म्हणतात ती, निदान एक दिवस ठेवायची. बाहेर पडल्यावर मला थंडी वाजून आली, अंग थकलं, सगळा जोर ओसरल्यासारखं. घरी येऊन झोपले. रात्री दोनला जाग आली आणि हात बघितला तर फिल्मखाली काळपट, दाट पाण्याची पिशवी साठलेली, हलवलं की डुचमळणारी. माझा जीव घाबरला. मला वाटलं सगळा टॅटू विरघळून गेला. कुणीच सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगतेय, हे होतं. जखमेतून येणारं पाणी, थोडं रक्त आणि जास्तीची शाई, एवढंच असतं ते. कडेने गळायला लागलं तर मात्र फिल्म काढायची, कारण मग बाहेरचे जंतू आत शिरतात. माझी सकाळी गळायलाच लागली, आणि फिल्मच्या कडेने लाल पुरळही दिसत होतं, म्हणजे मला त्या गोंदाचाच त्रास होतोय. मग कोमट पाण्याखाली हात धरून हळूहळू काढली, बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुतलं, स्वच्छ पेपर टॉवेलने टिपलं. पुसायचं नाही, टिपायचं. आणि तिथून पुढे फिल्मशिवाय.

पुढचे दोन आठवडे म्हणजे संयमाची परीक्षा. दिवसातून दोन-तीनदा धुणं, टिपणं, बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात, इतका पातळ की नुसती चमक यावी. जास्त थापलं तर जखम ओली राहते आणि खपल्या मऊ पडून शाई घेऊन निघतात. पोहणं नाही, टबात बसणं नाही, ऊन नाही, जिम नाही. पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, गरम, जरा सुजलेली होती. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले दिवसागणिक कमी होतंय ना, मग काळजी नको. लाली वाढत पसरली, दुखणं वाढलं, पू आला, ताप आला, लाल रेष वर सरकताना दिसली तर लगेच या, थांबू नका, आर्टिस्टला विचारत बसू नका. नुसतं हे लक्षात ठेवलं तरी अर्धी भीती जाते, तिसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा बरं पाहिजे.

पाचव्या दिवशी साल निघायला लागली. पातळ काळे पापुद्रे, अगदी पानांच्या आकाराचे, धुताना बेसिनमध्ये पडायचे. आणि खाज! प्लास्टर काढल्यावर जी खाज आली होती तशी. ओरबाडायचं नाही, खपली उचकटायची नाही, फार झालं तर तळहाताने हलकं थोपटायचं. रात्री झोपेत खाजवू नये म्हणून मी सैल, मऊ बाहीचा कपडा घालून झोपले. दहाव्या दिवशी टॅटू असा दुधाळ, फिकट, जुनाट दिसायला लागला की मी बहिणीला फोटो पाठवून विचारलं, फसलं का गं? ती म्हणाली थांब. नवीन कातडी आली की वर एक धूसर थर असतो, तो दोन-तीन आठवड्यांत निवळतो. वरून बरं झाल्यासारखं दिसलं तरी आत पूर्ण भरून यायला दोन-तीन महिने लागतात.

महिन्याने सगळी पानं स्वच्छ दिसली, फक्त एक सोडून. वरून चौथं, जे टाक्याच्या ठिपक्याला अगदी चिकटून होतं, त्याची एक कड पुसट झाली होती, जणू कुणी बोटाने पुसली. तिथे शाई धरलीच नाही. आर्टिस्ट आधी बोललीच होती, तरी मला वाईट वाटलं. आठ आठवड्यांनी टच-अपला गेले. ह्यावेळी पंधरा मिनिटंही लागली नाहीत, पण तिने सुई लावायच्या आधी परत तसाच अंगठा फिरवून बघितला, व्रणाच्या कडेपासून केसभर दूर सरकून ती कड नव्याने ओढली, आणि म्हणाली इतकंच, ह्याच्यापुढे मी जाणार नाही, नाहीतर पसरेल. ते पान बाकीच्यांपेक्षा किंचित लहान झालंय. मला तेच सगळ्यात आवडतं.

बाकी काही बारीकसारीक. रक्तदान करणार असाल तर टॅटूनंतर काही महिने थांबायला सांगतात, मुदत ठिकठिकाणी वेगळी असते, आधी विचारून जा. एमआरआय काढायची वेळ आली तर टॅटू आहे हे सांगा, क्वचित तिथे गरम वाटू शकतं. आणि बरा झाल्यावर उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन, कायम, कारण ऊनच रंग खातं.

आई गेल्या महिन्यात आली होती. काही न बोलता तिने माझा हात उजेडात धरला आणि त्या आर्टिस्टने फिरवला होता तसाच अंगठा त्या पांढऱ्या रेषेवरून फिरवला, वरून खाली. "ही आहे तशीच ठेवली होय," म्हणाली. मग पानं मोजली. नऊ.

आता मला पुढच्या वर्षी त्याच सुमाराला हाताचा एक फोटो काढून पाठवायचाय, खिडकीच्या उजेडात, तळवा सैल सोडून. व्रण घेऊन येणाऱ्यांना दाखवायला त्या आर्टिस्टला जुने झालेले टॅटू लागतात, आणि तिने तसं मागून ठेवलंय.